समुद्रावर जायचंय, नेसायचं काय?

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी चारच्या सुमारास कोकणातल्या कोणत्याही किनाऱ्यावर उभे राहून पाहावे. पाण्यात पुरुष असतात, पोरे असतात. वाळूवर चपलांच्या ढिगाशेजारी, पिशव्या मांडीवर घेऊन, बायका बसलेल्या असतात. त्यातली एखादी धीर करून पाण्याच्या कडेपर्यंत जाते, निऱ्या दोन बोटांनी उचलते, घोटे भिजू देते आणि लाट जरा मोठी आली की 'अगंबाई' म्हणून मागे फिरते. सव्वाशे-दीडशे किलोमीटर गाडीत बसून आल्यावर समुद्राची भेट झाली ती एवढी. का गं आत येत नाहीस, असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे : 'नको बाई, कपडे भिजतील.'

हे उत्तर पुष्कळजण हसण्यावारी नेतात. मला ते फार सरळ आणि खरे उत्तर वाटते. कपडे भिजतील म्हणजे पातळ पायांना गुंडाळेल, ब्लाउज अंगाला चिकटेल आणि चार लोक बघतील. परकराची सुती नाडी ओली होऊन फुगेल आणि तिची गाठ दातांनीसुद्धा सुटणार नाही. कपडे बदलायला आडोसा नसेल. आणि मग तशाच ओल्या अंगाने, सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरून, तीन-चार तास घाट चढत घरी यावे लागेल. दोन शब्दांच्या त्या उत्तरात एवढे सगळे असते. म्हणून सहलीला काय घालायचे हा प्रश्न मला कधीच नट्टापट्ट्याचा वाटला नाही. नट्टापट्टा मला आवडतो, त्याबद्दल पुढे सांगेनच. पण पाण्यात कोण जाणार आणि चपला कोण सांभाळणार याचा निकाल आपल्याकडे आदल्या रात्री कपाटापाशीच लागलेला असतो.

मी राहते पौडला, मुळशी तालुक्यात. आमच्यासाठी समुद्र म्हणजे काही दूरदेशीची गोष्ट नाही. मुळशीचे धरण उजव्या हाताला ठेवून ताम्हिणीचा घाट उतरायचा, निजामपूर, माणगाव, मग म्हसळ्यावरून दिवेआगर किंवा श्रीवर्धन. पहाटे पाचला निघालेली गाडी नऊ-साडेनऊला नारळी-पोफळीच्या सावलीत उभी असते. गंमत अशी की आमच्या आधी आमचे पाणीच कोकणात पोहोचले आहे. मुळा नदी मूळची पूर्वेकडे जाणारी; तिचे पाणी भीमेत, भीमेचे कृष्णेत आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला मिळायचे. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट आणि इथले मावळे सत्याग्रहाला उभे राहिले, ते टाटांचे धरण शेवटी झालेच, आणि १९२७ पासून हे पाणी डोंगर फोडून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरावर पडू लागले. तिथून ते कुंडलिकेत उतरते आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात जाते. म्हणजे मुळशीचे पाणी जवळजवळ शंभर वर्षे समुद्रात शिरते आहे. मुळशीच्या बायका अजून घोट्यापर्यंतच.

घाटावरच्या माणसाचा पहिला घोटाळा हवेचा होतो. आम्ही समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर राहणारी माणसे. आमचा एप्रिल-मे कडक पण कोरडा. घाम आला तरी वाऱ्याने वाळतो, सावलीत बसले की बरे वाटते. कोकणात त्याच दिवशी पारा पाच अंशांनी खालीच असेल, पण हवेत इतके पाणी असते की अंगावरचा घाम उडून जायला जागाच नसते. कांजी केलेली, इस्त्रीची कडक सुती साडी पौडहून निघताना अशी देखणी दिसते म्हणता! माणगावच्या पुढे ती मान टाकते आणि दिवेआगरला पोहोचेपर्यंत तिचे पोतेरे झालेले असते. नायलॉन-जॉर्जेट सुरकुतत नाही म्हणून काहीजणी ते नेसतात. त्या दिसतात शेवटपर्यंत टापटीप, पण आतून उकडून निघालेल्या असतात.

दुसरी गोष्ट अशी की आपली समुद्राची सहल ही नुसती समुद्राची नसतेच. परदेशी चित्रांतली बाई सकाळी पोहण्याचे कपडे घालून वाळूवर येते आणि संध्याकाळी तशीच हॉटेलात परत जाते. आपल्याकडे आधी देवदर्शन. दिवेआगरला सुवर्णगणेश, हरिहरेश्वराला देऊळ आणि मागची प्रदक्षिणा. मग एखाद्या घरगुती खानावळीत पाटावर नाही तर टेबलावर बसून केळीच्या पानावर जेवण, उकडीचे मोदक. मग सुरूच्या बनात पथारी पसरून गप्पा आणि झोप. उन्हे कलल्यावर समुद्र. आणि रात्री परत घाट, तिथे खिडकीतून गार वारा. देवळात शोभेल, जेवताना पोटाला काचणार नाही, पाण्यात अडकणार नाही आणि घाटात थंडी वाजू देणार नाही, असे कापड कोणत्या दुकानात मिळते? मिळत नाही. म्हणून तर आपल्या बायका देवळाचे कपडे घालून निघतात आणि दिवसभर देवळातल्यासारख्याच वागतात.

एकदा भरडखोलला, म्हणजे दिवेआगर आणि श्रीवर्धनच्या मधल्या कोळीवाड्याच्या गावात, होड्या लागायच्या वेळी मी थांबले होते. म्हाताऱ्या कोळणी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन टोपल्या घेत होत्या. लुगडे नऊवारी, कासोटा घट्ट मागे खोचलेला, खालची कड गुडघ्याच्या जरा खाली. लाट आली की लुगडे भिजायचे, ती ओसरली की निथळायचे, आणि बाई पुढचे पाऊल टाकायची. एकीचाही पाय अडखळला नाही. किनाऱ्यावर त्या वेळी शहरातून आलेली मंडळीही होती, झुळझुळीत लांब झग्यांतली, मोठ्या काठाच्या टोप्यांतली. फोटोला छान. पण त्या सगळ्यांत समुद्रासाठी नीट कपडे घातलेले कोण होते हे सांगायला शिंप्याची नजर लागत नाही.

कासोट्यात काय आहे, तर दोन पाय वेगळे आहेत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, पण त्याचा घेर पायांभोवती एकत्र फिरत नाही. प्रत्येक पायाला आपापली वाट मिळते. कापडाच्या टोकांना कुठे मोकळे सोडलेले नाही. खाली रुंद तोंड नाही, म्हणून पाणी आत भरून फुगा होत नाही. धावता येते, उडी मारता येते, घोड्यावर बसता येते. आपल्या आज्या-पणज्या त्यात शेतीची कामे करीत, नदीला जात, पोहतही. मग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकलेल्या, शहरातल्या घरांतून पाचवारी गोल पातळ आले. पोटऱ्या झाकल्या गेल्या, बाई सुधारलेली दिसू लागली, आणि गोल नेसावे की नेसू नये यावर घराघरांत वादही झाले. त्या पातळाने आपल्याला शाळा-कचेऱ्यांत नेले हे मला मान्यच आहे, आणि मी स्वतः जन्मभर ते आवडीने नेसत आले आहे. पण गोल पातळ आणि त्याखालचा परकर म्हणजे अखेर दोन नळकांडी. गुडघाभर पाण्यात उभे असताना लाट परतू लागली की ती दोन्ही नळकांडी पायांना एकत्र बांधतात. घरच्या काट्यावर मी मुद्दाम वजन करून पाहिले : माझे चार-साडेचारशे ग्रॅमचे सुती पातळ बादलीतून निथळत काढले तेव्हा दीड किलोच्या घरात गेले. पाण्यात असेतो हे वजन कळत नाही, कारण पाणी पाण्याला तोलते. कळतो तो पायांचा वेढा. वजन कळते बाहेर येताना, नेमकी मागून दुसरी लाट येत असताना.

समुद्राच्या पोशाखाचा हा घोळ काही आपल्या एकट्यांचा नाही. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात बायका लोकरीच्या नाही तर जाड कापडाच्या झग्यात समुद्रस्नान करीत, आणि पाण्यात झगा वर तरंगू नये म्हणून त्याच्या कडेत चक्क वजने शिवलेली असत. लज्जा राखण्यासाठी अंगाला शिसे बांधून पाण्यात उतरायचे! पुढे १९४६ च्या १ जुलैला अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अणुबॉम्बची चाचणी घेतली आणि चारच दिवसांनी, ५ जुलैला, लुई रेआर नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसमध्ये दोन चिंध्यांचा पोशाख सादर करून त्याला त्या बेटांचे नाव दिले. त्याच फ्रान्समध्ये २०१६ साली काही समुद्रकाठच्या नगरपालिकांनी अंगभर स्नानपोशाख, ज्याला बुर्किनी म्हणतात, तो घालून येणाऱ्या मुसलमान बायकांना बंदी केली आणि तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाला मध्ये पडून ती बंदी उठवावी लागली. सत्तर वर्षांपूर्वी फार उघडे म्हणून आरडाओरडा, सत्तर वर्षांनी फार झाकलेले म्हणून. बाईने पाण्यात काय घालावे हे ठरवण्याची हौस लोकांना फार.

आणि मराठी माणसाने याबाबतीत नाक मुरडू नये. १९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सच्या 'ब्रह्मचारी'त, आचार्य अत्र्यांच्या कथेवरच्या मास्टर विनायकांच्या चित्रपटात, मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. म्हणजे बिकिनी जन्माला यायच्या आठ वर्षे आधी, शर्मिला टागोरांच्या गाजलेल्या छायाचित्राच्या अठ्ठावीस वर्षे आधी. टीका झाली, आणि लोकांनी चित्रपटगृहांत गर्दीही केली. टीका करणारे आणि गर्दी करणारे वेगळे होते असे समजायचे कारण नाही. मला त्या प्रसंगात आवडते ते हे की नायिका पाण्यात उतरली आणि पोहली. काठावर बसून तिने कुणाच्या चपला राखल्या नाहीत. पण पडद्यावर टाळ्या मिळाल्या म्हणून पौडच्या वहिनींनी उद्या तसा पोशाख घालून दिवेआगरला उतरावे, असे मी म्हणणार नाही. ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा, कुणी डोळे वटारू नयेत. मला विचार करायचा होता तो बाकीच्यांचा. ज्यांना अंग झाकलेलेही हवे आणि लाटही अंगावर घ्यायची आहे, त्यांचा.

आमच्या भिशीच्या सोळा जणींची सहल ठरली तेव्हा मी उषाचे मशीन उघडले. त्याच्या आधी कापडांचा थोडा अभ्यास केला, आणि त्यात जे समजले ते सहलीला जाणाऱ्या प्रत्येकीला उपयोगी पडेल.

हल्ली बाजारात ज्या मऊ, झुळझुळीत, अंगावर छान पडणाऱ्या कुर्त्या मिळतात त्यांतल्या पुष्कळशा रेयॉनच्या असतात. दुकानदार त्याला कॉटनच म्हणून देतो. घरात, कचेरीत उत्तम. समुद्रावर मात्र नको. रेयॉन ओले झाले की त्याचे बळ जवळजवळ निम्म्याने जाते. कुर्ती लोंबते, गुडघ्यावरची पोटरीवर येते, आणि ओढाताणीत शिवणीपाशी टरकते. सुती धाग्याचे उलट आहे, तो ओला झाला की जास्त मजबूत होतो. धोब्याच्या दगडावर आपटूनही सुती कपडा टिकतो तो काही उगीच नाही. सुताचा दोष एवढाच की ते पाणी पितेही भरपूर आणि वाळतेही सावकाश. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून झटकन वाळते, पण कोकणच्या घामात ते अंगाशी गोणपाटासारखे वागते. तेव्हा दिवसभर अंगावर सूत, आणि पाण्यात उतरायचे तर त्याखाली नायलॉनची आखूड स्लिप आणि चड्डी, असा माझा हिशेब ठरला.

रंगाचा प्रश्न आला. उन्हात पांढरे घालावे हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि उष्णतेपुरते ते बरोबरही आहे. पण पातळ पांढरे सूत भिजले की आरपार दिसते. शिवाय, उन्हातले जे अतिनील किरण कातडी भाजतात ते साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टमधून कोरडेपणी साधारण एक सप्तमांश आत येतात, आणि ओला झाला की एक तृतीयांश. गर्द रंगाच्या, दाट विणीच्या कापडातून खूपच कमी येतात. मग गर्द रंगात उकडत नाही का? वाळवंटातले बदू लोक काळे झगे का घालतात याचा काही शास्त्रज्ञांनी १९८० साली शोध घेतला होता. त्यांना आढळले की काळा झगा ऊन जास्त शोषतो खरा, पण झगा सैल असल्यामुळे ती उष्णता मधल्या हवेबरोबर निघून जाते. अंगापर्यंत काळ्या आणि पांढऱ्या झग्यात सारखीच पोहोचते. म्हणजे गोष्ट रंगाची कमी, सैलपणाची जास्त. एवढे कळल्यावर मी गर्द निळीचा रंग नक्की केला, आणि वर बारीक पांढरी नक्षी. ओले कापड अंगाला चिकटते तेव्हा सपाट रंगात अंगाची रेघ उठून दिसते. बारीक नक्षीत ती हरवते. शिंपी हे सांगत नाहीत, मी सांगते.

कापड घेतले इचलकरंजीचे केंब्रिक. ज्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्या गावचे कापड आपल्या पॉपलीनच्या परकरांतून आणि अस्तरांतून नेहमी आतच राहिले. त्याला एकदा वर मिरवायला काय हरकत आहे? चव्वेचाळीस पन्ह्याचे साडेचार मीटर लागते. कुर्ता गुडघ्यापर्यंतच, सैल, दोन्ही बाजूंना कमरेखालपासून कट; लांब आणि बंद घेराचा कुर्ता पाण्यात भोपळ्यासारखा फुगतो. बाह्या कोपराच्या खाली, मानेला दीड इंचाची उभी पट्टी, कारण आपण सगळ्याजणी तोंडाला क्रीम फासतो आणि मान जाळून घेतो. ओढणी नाही. मुळीच नाही. पंजाबी ड्रेसमधली सर्वांत मोठी ताप देणारी गोष्ट ती. वाऱ्यात उडते, लाटेत गळ्याभोवती फिरते. तिच्याऐवजी छातीवर दुहेरी कापडाची योक दिली, ओढणीचे काम झाले. एक खोल खिसा, त्याला झडप आणि बटण.

विजार अर्ध्या पोटरीपर्यंत, आसन सैल, मोहरी इतकी की गुडघ्यापर्यंत गुंडाळता यावी पण पाणी भरून जड होऊ नये. कमरेला नाडी अजिबात नाही. रुंद इलॅस्टिक, आणि लाटेच्या ओढीने ते खाली सरकू नये म्हणून बाजूला पट्टीत एक मोठे बटण. आता तुम्ही म्हणाल, ही तर नऊवारीचीच नक्कल झाली. झालीच! दोन पाय वेगळे, कड पोटरीवर, टोके बांधलेली. मशीनवर शिवता शिवता माझ्या ते लक्षात आले आणि मजा वाटली. पणजीने जे खोचून केले ते मी बटणाने केले.

आता नट्टापट्टा. नुसता निळा डगला घालून देवळात जायला मलाही आवडले नसते. खणाची पट्टी लावावी असे फार मनात होते, पण नव्या खणाचा रंग खाऱ्या पाण्यात उतरला तर सगळी कुर्ती खराब. म्हणून आईच्या विरलेल्या सुती लुगड्याचे काठ काढले. शंभर धुण्यांतून गेलेला काठ, त्याचा रंग जायचा तेवढा कधीच गेलेला. डाळिंबी काठ मानेच्या पट्टीला, बाह्यांना आणि विजारीच्या कडेला लावला. देवळात जाताना त्यावर आईचेच उरलेले लुगडे फाडून केलेले लांब उपरणे खांद्यावरून. जेवताना ते घडी करून पिशवीत, उन्हात डोक्याला बांधायला तेच, परतताना घाटात कानाला गुंडाळायलाही तेच. मी सांगते म्हणून नव्हे, पण त्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर दोन अनोळखी मुलींनी मला थांबवून 'काकू, ड्रेस कुठून घेतला?' असे विचारले. साठीच्या बाईला याहून काय हवे.

दागिन्यांबद्दल एकच बोलते. पाण्यात बोटे गार पडली की आकसतात आणि अंगठी, जोडवी न कळत निघून जातात. वाळूतली जोडवी परत सापडल्याचे मी ऐकलेले नाही. मंगळसूत्र काढायचे नसेल तर आत खोचून वरून गळ्याचे बटण लावावे. चपला रबरी. कोल्हापुरी वहाण खाऱ्या पाण्यात एकदा भिजली की चामडे कडक होऊन पंज्यापाशी चिरते. केसांची घट्ट वेणी. मोकळे केस फक्त सिनेमात सुंदर उडतात, किनाऱ्यावर ते तोंडात येतात. पुरुषांसाठी मी काही लिहिणार नव्हते. ते बनियन आणि अर्ध्या चड्डीत गाडीतून उतरतात आणि तसेच पाण्यात शिरतात. त्यांच्या तयारीला चाळीस सेकंद लागतात. फक्त संध्याकाळी पाठ भाजली म्हणून बर्फ मागायला मात्र आपल्याकडे येतात, तेव्हा त्यांनाही बाह्यांचा सदरा घालायला सांगावे.

राहिला सर्वांत मोठा अडसर, कपडे बदलण्याचा. दिवेआगर-श्रीवर्धनच्या घरगुती खानावळींत विचारले तर गोड्या पाण्याची अंघोळ करायला मिळते, थोडे पैसे पडतात, ते द्यावेत. पण सोळा बायका आणि एक न्हाणीघर म्हटल्यावर अंधार पडतो. त्यासाठी मी एक तंबू शिवला. दोन जुन्या सुती चादरी बाजूंनी जोडल्या, वर गळ्यापुरते इलॅस्टिक, खाली घोट्यापर्यंत लांबी, हात बाहेर काढायला जागाच नाही. तो डोक्यातून घालायचा आणि आतल्या आत ओले उतरवून कोरडे चढवायचे. उभ्या उभ्या, सुरूच्या झाडामागे, तीन मिनिटांत. दिसायला अगदी बुजगावणे! पण त्या दिवशी पाण्यात जायला तयार झालेल्या बायकांतल्या निम्म्या माझ्या निळ्या पोशाखामुळे नाही, तर त्या बुजगावण्यामुळे तयार झाल्या. परतीला कोरडे मिळणार याची खात्री झाली, आणि इतक्या वर्षांचे 'नको बाई' गळून पडले.

पाण्यात जायचे म्हणताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्यांना कपड्यांनी बुडवले असे मी मुळीच म्हणत नाही. समुद्र शांत दिसत असतानाही ओढतो, आणि आम्हा घाटावरच्यांना त्याचे वेळापत्रक ठाऊक नसते. पोशाख कितीही चांगला असला तरी तो पोहायला शिकवत नाही. कोकणातली माणसे भरतीचा हिशेब तिथीवरून करतात : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती; त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. घरच्या दिनदर्शिकेवर तिथी असतेच, ती एकादशीसाठी बघतो तशी यासाठीही बघावी. आणि तिथे पोहोचल्यावर गावातल्या माणसाला विचारावे; तो 'आता नको' म्हणाला तर नको. ओहोटीच्या वेळी आत न जाणे, कमरेच्या वर पाणी येऊ न देणे, एकमेकींचे हात धरणे, हे आम्ही गाडीतच ठरवून घेतले. पावसाळ्याच्या तोंडावर तर जाऊच नये.

आमच्या सोळा जणींतल्या अकरा जणी त्या संध्याकाळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, साखळी करून. तिघींनी मी कापून दिलेल्या मापावर स्वतःच शिवून घेतले होते. बाकीच्यांनी मुलाची ट्रॅक पॅन्ट, नवऱ्याचा जुना शर्ट, जे दोन पायांचे आणि सैल मिळेल ते. लाट आली की अकरा जणी एकदम ओरडायच्या. मुठा खोऱ्यातल्या एका वाडीवरून आलेल्या सत्तरीच्या मावशी सगळ्यांच्या पुढे होत्या. त्यांच्यासाठी मी शिवू का विचारले होते तर म्हणाल्या होत्या, 'मला कशाला गं शिवतीस? माझं लुगडं हाय की.' पाण्यात त्यांनी कासोटा एकदा आवळला, पदर कमरेला करकचून खोचला आणि बाकीच्या दहा जणींना हाताने धरून ठेवले. चपला, पिशव्या आणि मोबाइल सांभाळायला गाडीचा ड्रायव्हर आणि दोघींचे यजमान वाळूवर बसले होते. चांगले सांभाळले त्यांनी.

घरी आल्यावर कपड्यांना लगेच साबण लावू नये. खाऱ्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, नुसता चिकटा बसतो. आधी दोनदा साध्या पाण्यातून खळबळून मीठ काढावे, शिवणी उलट्या करून वाळू झटकावी, खिसा बाहेर ओढावा, आणि मग साबण. आणि सावलीत वाळत घालावे. एवढे करूनही पुढचे दोन-तीन दिवस विजारीच्या दुमडीतून वाळू निघत राहते. तेव्हा कुर्ता-विजार घडी करून कपाटात ठेवण्याआधी गच्चीत नेऊन एकदा जोराने झटकलेली बरी.